मिगला बेगड

पोळा जवळ आला की नेवासा तालुक्यातल्या सोनईच्या पंचक्रोशीत ज्या गोठ्यांतून ट्रॅक्टरने बैलाला अजून हुसकावलेलं नाही, तिथे शिंगांचा प्रश्न निघतो. शिंगं आधी तासायची, घासून गुळगुळीत करायची, याबद्दल दुमत नसतं. मतभेद त्यापुढे सुरू होतात. एक पक्ष म्हणतो, ऑइलपेंटचा डबा आणावा, ब्रश फिरवावा आणि मोकळं व्हावं. दुसरा पक्ष हिंगूळ लावून वर बेगड चिकटवल्याशिवाय बैलाला वेशीपर्यंतही नेणार नाही. पहिल्या पक्षाकडे वेळेचा हिशेब असतो, दुसऱ्याकडे नुसते डोळे. मिरवणुकीत उन्हाची तिरीप पडली की निकाल लागतो. रंगवलेलं शिंग रंगवलेलं दिसतं आणि बेगड लावलेलं शिंग पेटतं. नेमका हाच वाद जगभरातले कितीतरी गंभीर, चष्मा लावणारे आणि एरवी निरुपद्रवी पुरुष अनेक दशकं घालत आले आहेत. त्यांचा बैल वीतभर लांब असतो, प्लॅस्टिकचा असतो आणि त्याला पंख असतात, एवढाच फरक. विमानाच्या छोट्या प्रतिकृतीवर उघड्या धातूची झळाळी आणायची तर रुपेरी रंग मारावा की ॲल्युमिनियमचं फॉइल चिकटवावं, हा तो प्रश्न. माझं म्हणणं असं की यात फॉइलवाल्यांचं बरोबर आहे, आणि ते सोनईतल्या बेगडवाल्या पक्षाला जितकं चटकन पटेल तितकं शहरातल्या शिकलेल्या माणसाला पटणार नाही. कारण फॉइल म्हटलं की शहरातल्या माणसाला चपाती आठवते, आणि ज्यात चपाती गुंडाळली त्यात लढाऊ विमान गुंडाळायचं हे त्याला विमानाचा अपमान वाटतं. चपातीचा मान वाढला, असं कुणालाही वाटत नाही.

आधी विमान कोणतं ते ठरवू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. महाराष्ट्रापुरता उमेदवार एकच, मिग-२१. १९६२ च्या चीन युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना आला. या तीन घटनांचा आपापसांत संबंध लावायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या वयाप्रमाणे ठरवावं. नेवासा तालुक्याला असे संबंध लावायला शिकवावं लागत नाही. कालवा अमक्या शिवारातून न जाता तमक्या शिवारातून का गेला, या एका प्रश्नावर इथे तीन पिढ्यांचं राजकारण सांगता येतं. तर ओझरला परवान्यावर बनू लागलेलं पहिलं मिग म्हणजे एफएल, हवाई दलाच्या बोलीत ‘टाइप ७७’. पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे इथल्या मुळा साखर कारखान्याच्या गव्हाणीसमोर उभ्या असलेल्या उसाच्या जोड-ट्रॉलीच्या लांबीपेक्षाही कमी. साठच्या दशकात ही विमानं हवाई दलात उघड्या धातूच्या अंगाने उडाली. त्यांच्यावर राष्ट्रीय चक्र, शेपटीवर तिरंगी पट्टा आणि आकडे होते, बाकी सगळा पत्रा. हेच विमान एकास बहात्तर या प्रमाणात बनवलं की पंखांचा पसारा दहा सेंटिमीटरच्या आत येतो. म्हणजे शाळेच्या कंपासपेटीएवढं मिग. वाद एवढ्या क्षेत्रफळाचा आहे. मोठे वाद याहून लहान तुकड्यावरून होतात, हे ज्यांनी बांध कोरला जाताना पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

आता पुरावा. प्रतिकृती म्हणजे प्रमाण. खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप बहात्तरने भागायचं, ही या छंदाची एकमेव धर्माज्ञा. पण जो प्लॅस्टिकचा संच आपण पेटीतून काढतो, तो पहिल्याच पायरीला ती मोडतो. त्याच्या भिंतीची जाडी एक-दीड मिलिमीटर. बहात्तरने गुणा: दहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे या प्रतिकृतीचं मूळ विमान चार इंची विटांच्या बांधकामाचं होतं, असं धरून चालावं लागतं. असं मिग ओझरहून निघून सायखेड्यापर्यंतही पोचणार नाही. खऱ्या विमानाचा पत्रा जागेनुसार कमीजास्त असतो, तरी बऱ्याच ठिकाणी तो एक मिलिमीटरच्या आगेमागे असतो. एक मिलिमीटर भागिले बहात्तर म्हणजे चौदा मायक्रॉन. किराणा दुकानात डब्यासाठी मिळणारं फॉइल दहा ते अठरा मायक्रॉनचं असतं. हा योगायोग आहे, हे मान्य. फॉइल बनवणाऱ्यांनी चपात्या गुंडाळताना मिगचा विचार केला असेल, असा माझा दावा नाही. पण परिणाम असा की, त्या संपूर्ण प्रतिकृतीत जाडीच्या बाबतीत प्रमाणाला धरून असलेली वस्तू एकच, आणि ती स्वयंपाकघरातून आलेली. वैमानिकाची आकृती प्लॅस्टिकची, चाकं प्लॅस्टिकची, नाकावरची हवेचा दाब मोजणारी लांब नळी बहुधा सुईची. फक्त अंगावरचा पत्रा खरोखर पत्रा, आणि खरोखर तेवढाच जाड.

इथे विरोधक थांबवून म्हणेल की जाडी जुळली म्हणून धातू जुळत नाही. विमान कुठे चपातीच्या कागदाच्या ॲल्युमिनियमचं असतं! आक्षेप चांगला आहे, पण तो करणाराच त्यात अडकतो. शुद्ध ॲल्युमिनियमला विमान पेलत नाही, ते मऊ असतं. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञाने १९०६ च्या सुमारास त्यात तांबं वगैरे मिसळून कठीण होत जाणारा मिश्रधातू शोधला, तोच ड्युरॅल्युमिन. खेड्यातल्या आज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मल’ म्हणतात, त्यामागे विल्मसाहेब नसावेत. पण असते तरी बिघडलं नसतं. ड्युरॅल्युमिनची अडचण अशी की तो कणखर असला तरी गंजतो, आणि समुद्राच्या हवेत तर आतून पोखरला जातो. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, पण गंजत नाही. मग १९२७ च्या सुमारास अमेरिकेत एक तोड निघाली. कणखर पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर ठेवून सगळं एकत्र लाटायचं. एक मिलिमीटर पत्र्यावर हा थर प्रत्येक बाजूला साधारण पाच टक्के, म्हणजे पन्नास मायक्रॉन. रशियन विमानांसाठीही असाच थर दिलेला पत्रा बनत असे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उघड्या धातूच्या विमानाकडे पाहताना आपल्या डोळ्यांना जे दिसतं, तो विमानाचा कणखर धातू नसतोच. तो वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा लेप असतो. स्वयंपाकघरातलं फॉइलही जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमच असतं. तेव्हा विमानाला फॉइल चिकटवणं हा विमानाचा अपमान असेल, तर तो खऱ्या विमानाचा कारखान्यातच झालेला आहे. प्रतिकृतीकार फक्त परंपरा चालवतो.

उलट रंगाचं बघा. रुपेरी रंग म्हणजे पातळ लाखेत तरंगणारे ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे. हे पापुद्रे बारीक असले तरी साधारणपणे दहा मायक्रॉनच्या आसपास असतात. बहात्तरने गुणलं की पाऊण मिलिमीटर होतात, म्हणजे जाड रव्याचा दाणा. खऱ्या मिगवर कुणी जाड रवा शिंपडून वर लाख फिरवली, तर ते जसं दिसेल तसं एकास बहात्तरचं रंगवलेलं मिग दिसतं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळा थकलेला असतो आणि छंदात पैसे गेलेले असतात. शिवाय धातू प्रकाश परत पाठवतो तो एका दिशेने, आणि रंगातला प्रत्येक पापुद्रा आपापल्या मर्जीने तिरका पडलेला असतो. एकाच सभेत बसून प्रत्येक संचालकाने वेगवेगळ्या दिशेला मान हलवावी, तसा तो प्रकाश. म्हणून रंग उजळ होतो, पण चमकत नाही. रंगाच्या बाजूने एक दाखला नेहमी दिला जातो: अमेरिकन एअरलाइन्सची विमानं आज रुपेरी रंगातच उडतात, मग प्रतिकृतीवर रंग का नको? दाखला खरा आहे. पण पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. या कंपनीची विमानं अनेक दशकं घासून लखलखीत केलेल्या उघड्या पत्र्यात उडत होती. नवी विमानं कार्बनच्या धाग्यांपासून बनू लागली, धागा घासून चकाकत नाही, म्हणून २०१३ च्या जानेवारीत त्यांनी अभ्रक मिसळलेला रुपेरी रंग घेतला. म्हणजे खऱ्या विमानाला धातू उरला नाही म्हणून त्याने धातूचं सोंग घेतलं. ज्याला अजून धातू परवडतो, अगदी किराणा दुकानाच्या भावात परवडतो, त्याने त्या सोंगाची नक्कल का करावी?

दुसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो बराचसा बरोबरही आहे: फॉइल फार चकाकतं, खरं विमान तसं आरसा नसतं. कारखान्यातून निघाल्यावर पहिला पावसाळा जाईपर्यंत असेल कदाचित, मग त्यावर ऊन, धूळ, इंधनाचे ओघळ आणि पायऱ्या चढणाऱ्या माणसांचे बूट यांचा हिशेब लिहिला जातो. पण फॉइल काही एकच प्रकारे चकाकत नाही. त्याची एक बाजू झळझळीत आणि दुसरी मंद असते, आणि पुष्कळ घरांत अजून यावर वाद चालतो की चपाती कोणत्या बाजूला ठेवायची. उत्तर असं आहे की चपातीला काहीच फरक पडत नाही. शेवटच्या खेपेला फॉइल इतकं पातळ होतं की ते फाटू नये म्हणून दोन पत्रे एकावर एक ठेवून लाटतात. रुळांना लागलेली बाजू चमकते, एकमेकांना लागलेली मंद राहते. प्रतिकृतीकाराला इथेच दोन छटा फुकटात मिळतात. तिसरी मिळते बारीक स्टीलच्या काथ्याने एका दिशेने घासून. चौथी तुकडा फिरवून, कारण लाटताना पत्र्यावर अतिशय बारीक रेघा उमटतात, आणि शेजारशेजारचे दोन तुकडे एकाच्या रेघा उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या ठेवून लावले की एकाच फॉइलचे दोन वेगळे पत्रे दिसतात. खऱ्या विमानाच्या अंगावरचे पत्रेही वेगवेगळ्या ताटांतून, वेगवेगळ्या दिशेने कापलेले असतात. म्हणून ते ठिगळठिगळ दिसतं, आणि म्हणूनच ते खरं दिसतं. रंगवाल्याला हे साधायला प्रत्येक चौकोनाला वेगळी पट्टी चिकटवून वेगळी छटा मारावी लागते. म्हणजे धातूने जे आपसूक दिलं असतं ते तो मेहनतीने खोटं बनवतो, आणि वर फॉइलवाल्याला वेळखाऊ म्हणतो.

पाचवी छटा मात्र घरात तंटा लावते. मिगच्या शेपटीकडच्या भागाखाली इंजिनची आग असते. तिथला पत्रा उष्णता सोसणारा, काळपट, राखी आणि कुठे तांबूस. ही छटा आणायला अनुभवी लोक फॉइल उकळत्या पाण्यात टाकतात, कुणी त्यात अंड्यांची टरफलंही घालतात. पाण्यातल्या क्षारांनी आणि अल्कधर्माने ॲल्युमिनियमवर पातळ काळसर थर चढतो. आता, हा थर आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे, आणि तो चढू नये म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या लढते आहे. कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळच्या पाण्यात लिंबाची फोड नाही तर चिंचेचं बुटुक टाकायचं, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे जातं आणि त्यामागचं शास्त्र अगदी खणखणीत आहे: आम्लात तो थर धरत नाही. म्हणजे एकाच गॅसच्या शेगडीवर, एकाच धातूवर, दोन विरुद्ध दिशांचे प्रयोग. एका बर्नरवर काळेपणा घालवायचा, दुसऱ्यावर आणायचा, आणि दुसऱ्या बर्नरवरच्या माणसाने चुकून पहिल्या बर्नरचं पातेलं उचललेलं. या छंदात पन्नाशीच्या पुढे पुरुषच जास्त का दिसतात, याचं कारण कौशल्यात नसून स्वयंपाकघराच्या मोकळ्या वेळापत्रकात असावं, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी त्यावर जोर देत नाही.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे. सपाट पंखाला फॉइल बसेल, पण विमान काही पाटासारखं सपाट नसतं. पंख जिथे धडाला मिळतो ती खोबण, कॉकपिटच्या मागचा उंचवटा, पोटाचा फुगवटा, या दुहेरी वळणांवर फॉइलला चुण्या पडणारच. पडतात. पण हीच अडचण विमान बनवणाऱ्यांनाही आली होती. सपाट पत्रा एका दिशेने गुंडाळता येतो, दोन दिशांनी वाकवायला गेलं की कुठेतरी जास्त होतो आणि कुठेतरी कमी पडतो. म्हणूनच तिथे पत्रा साच्यावर ताणतात, ठोकतात, आणि फार वळण असेल तिथे लहान तुकडे करतात. साखर कारखान्यात वाफेच्या नळांवर उष्णता राखायला काचलोकर आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात, तो जरा निरखून पाहावा. सरळ नळ अखंड पत्र्यात, आणि कोपर आलं की तिथे लिंबाच्या फोडींसारखे अरुंद तुकडे एकमेकांवर चढवलेले. फॉइल लावणारा तेच करतो. एकाच पत्र्यात सगळं विमान गुंडाळण्याचा मोह तो टाळतो, खऱ्या विमानाचा जोड जिथे आहे तिथेच आपला तुकडा कापतो, आणि चिकट द्रव्याचा पातळ हात देऊन, ते जरा वाळून चिकचिकीत झालं की तुकडा ठेवून कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत जातो. शिंगाला बेगड लावणारा वेगळं काय करतो? शिंगही दुहेरी वळणाचं, वर निमुळतं, आणि त्यातून ज्याचं शिंग तो मधूनच मान हलवतो. प्लॅस्टिकचं मिग निदान शेपटी तरी मारत नाही.

जोडांवरून आठवलं. मिगच्या अंगावर तपासणीच्या झडपा, इंधन भरण्याची झाकणं, चाकांचे, हवेचे दरवाजे इतके असतात की सोनईपासून हाकेच्या अंतरावरच्या शनिशिंगणापुरातल्या सगळ्या घरांना मिळून तेवढी दारं नाहीत. फॉइलवर ही सगळी दारं खाचेतून पुन्हा उमटवावी लागतात. काडीच्या टोकाने हलके दाबलं की खालची रेघ वर येते, आणि खिळ्यांच्या रांगा शिंप्याच्या दातेरी चाकाने काढता येतात. रंगवाला म्हणतो, रंगात या रेघा आपोआप दिसतात. दिसतात खऱ्या, पण दुसऱ्या हातानंतर त्या बुजायला लागतात, आणि बुजलेल्या रेघेत मग तो काळी शाई भरतो. खऱ्या विमानाच्या दारात शाई नसते, सावली असते. फॉइलमध्ये दाबलेल्या रेघेत सावली आपली आपण पडते. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि ज्यांनी ते पाहिलं ते म्हणतील की रणगाड्यांच्या प्रतिकृतींत तर रंगच चालतो, मग विमानालाच हे सोहळे कशाला? बरोबर. रणगाडा हा मुळातच रंगवलेला, चिखलाने माखलेला, गंजलेला प्राणी आहे. त्याची प्रतिकृती करणारा सुखी असतो; हात चुकला की वर चिखल. उघड्या धातूच्या विमानावर चिखल टाकून चूक झाकता येत नाही. धुळीचा एक कण फॉइलखाली राहिला तर विमानाला गळू आल्यासारखं दिसतं, आणि उघड्या बोटाचा ठसा उमटला तर सोसायटीच्या कर्जाच्या कागदावरही इतका ठळक अंगठा सापडणार नाही.

आता चौथा आक्षेप, आणि हा खरा जाणकाराचा. तो म्हणतो, तुम्ही ज्याला उघडा धातू समजता तोच मुळात पुष्कळ ठिकाणी रंगवलेला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकनांनी विमानांवरचे छद्मरंग बंद केले. वजन वाचलं, वेळ वाचला, वेगही थोडा वाढला. त्यातलं सगळ्यात लाडकं मस्टँग हे विमान आज प्रदर्शनांत नखशिखांत आरशासारखं दिसतं. पण युद्धातल्या मस्टँगचे पंख तसे नव्हते. हवा पंखावरून गुळगुळीत वाहावी म्हणून त्याच्या पंखाचे जोड आणि खिळे लांबी भरून बुजवले जात आणि वर रुपेरी रंगाचा हात दिला जाई. धड धातूचं, पंख रंगाचे. मग पंखांवर फॉइल चढवणारा आणि त्यावर खिळ्यांच्या रांगा काढणारा, हा दोनदा चुकतो. मिगचंही तसंच. रशियन विमानांवर लाखेचा संरक्षक हात असे, नाकाचा शंकू रडारसाठी असल्याने तो धातूचा नव्हताच, आणि १९७१ च्या युद्धापर्यंत आपल्या कित्येक मिगवर हिरवा रंग चढलेला होता. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करायला गेलेली मिग फॉइलमध्ये गुंडाळून दाखवणं म्हणजे इतिहासाला बेगड लावणं होईल. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्याने माझी बाजू पडत नाही. जिथे खऱ्या विमानाने रंग घेतला तिथे रंग, जिथे धातू दाखवला तिथे धातू. हेच तर म्हणणं आहे. फॉइलचा उपयोग एवढाच की ते माणसाला हा प्रश्न विचारायला भाग पाडतं. रंगाचा फवारा मारणारा नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात मारून मोकळा होतो. फॉइलवाल्याला प्रत्येक चौकोनाशी थांबावं लागतं, की बाबा, हा तुकडा कोणत्या वर्षी, कोणत्या तळावर, कशाचा होता? अशा माणसाशी जेवताना बोलणं अवघड असतं, हा वेगळा मुद्दा.

सोनईतल्या बेगडवाल्या पक्षाला मी इतका वेळ साक्षीला उभं केलं आहे, तर त्यांच्याबाबतीत एक गोष्ट लपवणं बरं नाही. जुना बेगड धातूचाच पातळ पत्रा असे. हल्ली पोळ्याच्या बाजारात लाल, हिरवा, सोनेरी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवून आलेला इतका विरळ थर, की तो मायक्रॉनच्या अगदी लहान अंशात मोजावा लागतो. ही पट्टी दाबली तर दाब धरत नाही, वाकवली तर परत उलगडते, काडीने रेघ काढावी तर ती पुसून जाते. कारण आतून ती प्लॅस्टिकच असते, धातू तिच्यावर नुसता पाहुणा असतो. म्हणजे आज बैलाच्या शिंगावर जे लागतं त्यापेक्षा चपातीभोवती जे गुंडाळलं जातं त्यात धातू कितीतरी जास्त. कुणी प्रतिकृतीकार पोळ्याच्या बाजारातून साहित्य आणायला निघाला असेल तर त्याने रिकाम्या हाताने परतावं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जावं. मिठाईवरचा चांदीचा वर्खही कामाचा नाही. तो फुंकरीने उडतो, आणि उडाला नाही तरी चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. पेढ्याला तेवढं आयुष्य पुरतं, मिगला पुरत नाही.

उरला शेवटचा आक्षेप, तो विरोधकाचा नसून घरच्यांचा असतो: एवढं करून हे बघणार कोण? बैल मिरवणुकीत तरी निघतो, हे कपाटात जाणार. याचं उत्तर ओझरच्याच विमानांनी द्यावं. एफएल जातीची मिग २०१३ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि शेवटच्या मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलाचा निरोप घेतला. निवृत्त मिग आता देशभर शाळांसमोर, चौकांत, उद्यानांत सिमेंटच्या चौथऱ्यांवर नाक वर करून उभी आहेत. ऊनपावसात पत्रा निस्तेज होतो, पक्षी आपलं काम करतात, आणि मग पंधरा ऑगस्ट जवळ आला की कुणीतरी शिडी लावतो, रुपेरी ऑइलपेंटचा डबा उघडतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत, झडपांवर, झाकणांवर, रडारच्या शंकूवरसुद्धा, एकसारखा ब्रश फिरवतो. खालून जाणारा म्हणतो, वा, अगदी खऱ्या विमानासारखं दिसतं.